सोयरीक कुठं थांबते : डॉ. केतकरांचा प्रश्न आणि आपलं वऱ्हाड



तुळशीची लग्नं लागली की अकोल्यात, अमरावतीत परिचय मेळाव्यांचे मांडव पडू लागतात. ज्या घरात लग्नाचं पोर आहे, त्या घरात एक जाड पुस्तिका येते. माझ्या घरीही आली होती, धाकट्या मुलीच्या वेळी. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर गणपती, आत एकेका पानावर चार-चार स्थळं. उंची, रक्तगट, शिक्षण, पगार, शेती किती, त्यातली ओलिताची किती, मामेकूळ कोणतं. सगळ्यात शेवटी 'अपेक्षा'. मी ती पुस्तिका एका रात्री पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढली. समाजशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली, पण आपल्या समाजाचा इतका नेमका दस्तऐवज फार थोड्या वेळा हाती आला. त्या 'अपेक्षा'पुढे पानोपानी दोनच शब्द होते : 'पोटजात चालेल'.

या दोन शब्दांपाशी मी बराच वेळ थांबलो. 'चालेल' आपण कधी म्हणतो? हवं ते मिळत नसलं आणि जे मिळतंय त्याला नाही म्हणवत नसलं, की म्हणतो. तिरळे कुणब्यांना खैरे चालतील, खैऱ्यांना धनोजे चालतील, फूलमाळ्यांना जिरेमाळी चालतील. माझ्या आजोबांच्या काळात हे चालत नव्हतं. त्यांच्या ओट्यावर पाहुणा टेकला की पाण्याचा गडवा त्याच्या हाती जायच्या आधीच विचारणा व्हायची, "कोनते कुनबी होय तुमी?" आणि त्या उत्तरावर पुढची बोलणी ठरायची. आज सोयरिकीचा तो धुरा, दोन वावरांमधला बांध, एक वावर पुढं सरकला आहे. सरकला, मोडला नाही. धुरा सरकला की दोन्हीकडच्या माणसांना किती त्रास होतो ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको.

आजचं व्याख्यान ज्यांच्याविषयी आहे, त्यांनी जातीची व्याख्या नेमकी या धुऱ्यावर उभी राहून केली. डॉक्टर श्रीधर व्यंकटेश केतकर. मराठी माणूस त्यांना ज्ञानकोशकार म्हणून ओळखतो आणि तिथंच थांबतो. पण ज्ञानकोश हातात घेण्याआधी ते समाजशास्त्रज्ञ होते, आणि आपल्या देशात समाजशास्त्राचा विभाग कुठल्या विद्यापीठात नीट उभाही नव्हता तेव्हा होते. मुंबई विद्यापीठात पॅट्रिक गेडिस यांनी हा विभाग सुरू केला १९१९ साली. गोविंद सदाशिव घुर्ये यांचं जात आणि वंशावरचं पुस्तक आलं १९३२ साली. केतकरांचं 'हिस्टरी ऑफ कास्ट इन इंडिया' छापून निघालं ते १९०९ साली, अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका नावाच्या गावी. लेखकाचं वय पंचवीस. त्याची शाळा कुठली? अमरावतीची.

त्यांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ चा, रायपूरचा. शाळा अमरावतीत, पुढचं शिक्षण मुंबईच्या विल्सन कॉलेजात, १९०६ साली अमेरिकेला प्रयाण आणि १९११ साली कॉर्नेल विद्यापीठाची पीएच.डी. मधल्या तारखांत मी तुम्हाला अडकवत नाही. मला थांबायचं आहे अमरावतीपाशी, कारण केतकरांच्या चरित्रात अमरावतीचा उल्लेख एका ओळीत होतो आणि संपतो. मला वाटतं तो एका ओळीत संपायला नको.

त्या काळचं वऱ्हाड डोळ्यांपुढं आणा. १८५३ साली निजामानं हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केलेला. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालू होती, तिथला कापूस मँचेस्टरला मिळेना, तेव्हा आपल्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत नागपूरला पोचली आणि पुढं बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा निघाला. कापसामागून माणसं आली. मारवाडातून पेढीवाले आले, गुजरात-कच्छकडून व्यापारी आले, कोकण-पुण्याकडून वकील आणि कारकून आले, उत्तरेकडून हमाल आणि फेरीवाले आले. एका बाजारपेठेच्या गावात एवढ्या जाती, एवढ्या भाषा एकत्र आल्या. सरकीच्या गाड्यांमागून शाळेत जाणाऱ्या पोराला 'हिंदू समाज' नावाची एकसंध वस्तू तिथं दिसणं शक्यच नव्हतं. त्याला दिसत असणार ते शेजारी शेजारी राहणारे, एकमेकांशी रोज देवघेव करणारे, आणि एकमेकांत लग्न न करणारे लोक.

या मुलुखाबद्दल लिहिणारे लोक त्या आधीही होते, पण ते बाहेरचे होते. आल्फ्रेड लायल इथं कमिशनर होते. १८७० साली निघालेलं वऱ्हाडचं गॅझेटियर त्यांचं. त्यांनी एका हिंदी प्रांताच्या धर्मावर एक निबंध लिहिला, तो पुढं 'एशियाटिक स्टडीज' या १८८२च्या पुस्तकात आला. तो प्रांत म्हणजे आपलं वऱ्हाड. शेंदूर फासलेला धोंडा, गावकुसाबाहेरची समाधी, अपघातानं गेलेल्या माणसाचं ठाणं, त्याची हळूहळू होणारी देवता, हे सगळं त्यांनी इथल्या गावांत पाहिलं आणि त्यावरून धर्म कसा घडतो याचा सिद्धांत मांडला. फार बारकाईनं पाहिलं, हे मान्य केलंच पाहिजे. १८८१ची वऱ्हाडची खानेसुमारी केली यूस्टेस किट्स यांनी आणि चार वर्षांनी अख्ख्या हिंदुस्थानातल्या जातींची यादी प्रसिद्ध केली. म्हणजे केतकर रांगत होते, तेव्हा वऱ्हाडातल्या माणसांची जातवार मोजणी होऊन ती छापूनही झाली होती. आपण त्या तक्त्यांमध्ये होतो. आकडा म्हणून होतो.

आणि इथले लोक स्वतःबद्दल बोलूही लागले होते. १८९७ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन अमरावतीला भरलं. अध्यक्ष शंकरन नायर, स्वागताध्यक्ष आपले दादासाहेब खापर्डे. त्याच वेळी सामाजिक परिषदही इथं भरली आणि तीत न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांचं ते गाजलेलं भाषण केलं. जुन्याचं पुनरुज्जीवन करा म्हणणाऱ्यांना त्यांनी विचारलं होतं की नेमकं कुठलं जुनं परत आणायचं. केतकर त्या वेळी तेरा वर्षांचे होते. रानड्यांचा तो प्रश्न पुढं केतकरांच्या पुस्तकात वेगळ्या रूपात येतो : आधी 'जुनं' म्हणजे काय होतं ते तरी तपासा, मग परत आणायचं की टाकायचं ते ठरवा.

त्यांनी तपासलं ते मनुस्मृतीच्या आधारानं. पुस्तकाच्या पूर्ण नावातच ते सांगितलं आहे : इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातल्या सामाजिक स्थितीबद्दल मनूच्या कायद्यांचा पुरावा. 'पुरावा' हा शब्द नीट ऐका. पवित्र ग्रंथ म्हणून मनुस्मृतीला हात जोडणारे तेव्हा होते, आणि मनूनं जाती केल्या म्हणून त्याला दोष देणारेही होते. केतकरांनी तिला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं. हे कुणी लिहिलं, कुणाला उद्देशून लिहिलं, समाजात प्रत्यक्ष काय होतं आणि लिहिणाऱ्याला काय असावंसं वाटत होतं, हे वेगळं काढायचा त्यांनी प्रयत्न केला. आज हे साधं वाटतं. १९०९ साली धर्मशास्त्राची अशी उलटतपासणी हिंदुस्थानी माणसानं करणं साधं नव्हतं.

दुसरी गोष्ट त्यांनी केली ती अधिक धीटपणाची. हर्बर्ट रिस्ले हे १९०१च्या खानेसुमारीचे कमिशनर. त्यांचं म्हणणं असं की जात ही मुळात वंशाची गोष्ट आहे, आणि नाकाची लांबी-रुंदी मोजली तर जातीची पायरी कळते. नाक जितकं रुंद तितकी जात खालची. साम्राज्याच्या दप्तरात या मताला मोठं वजन होतं. केतकरांनी पुस्तकाला एक परिशिष्ट जोडलं आणि त्यात या मानववंशशास्त्राच्या मूळच्याच चुका दाखवल्या. आर्य आणि द्रविड हे वंश धरून त्यांच्यावर जातींची उतरंड रचणं त्यांना मान्य नव्हतं. पंचवीस वर्षांचा परदेशी विद्यार्थी, आणि समोर सरकारी खात्याचं अख्खं शास्त्र.

मग जात म्हणजे काय? त्यांचं उत्तर मी माझ्या शब्दांत सांगतो. जात म्हणजे माणसांचा असा गट, की ज्याचं सभासदत्व फक्त त्या गटातल्यांच्या पोटी जन्मून मिळतं, आणि ज्याच्या सभासदांना गटाबाहेर लग्न करायला कठोर सामाजिक बंदी असते. धंदा नाही, रंग नाही, नाक नाही, वेदातला मंत्र नाही. जन्म आणि लग्न. सोयरीक जिथं थांबते, तिथं जातीचा धुरा.

ही व्याख्या वऱ्हाडात घासून पाहू. देशमुख हे मुळात वतनाचं नाव. परगण्याचा वसूल गोळा करायचा, राजाला भरायचा, हे काम. कुणबी घरांतली काही माणसं त्या कामावर आली, वाडे झाले, घोडी झाली. मग देशमुखांच्या सोयरिकी देशमुखांतच होऊ लागल्या. कुणब्यांत विधवेचा पाट लागत असे, तो देशमुखी घरांतून बंद झाला. बाई गढीच्या आत गेली आणि एकदा विधवा झाली की आतच राहिली. पाहता पाहता कामाच्या नावाचं कूळ झालं आणि कुळाचं लग्नाचं वर्तुळ. जात बनते कशी, हे पाहायला तिसऱ्या शतकात जायची गरज नाही. आपल्या पणज्यांच्या काळात, आपल्याच गढ्यांच्या दारात ती बनताना दिसते. केतकरांची व्याख्या हातात असेल तर ती बनण्याची जागा लगेच सापडते : ज्या दिवशी बाहेरची सून आणणं थांबलं, तो दिवस.

आता मी त्या व्याख्येच्या उणिवेकडे वळतो, आणि ती दाखवली केतकरांच्या सगळ्यात मोठ्या वाचकानं.

९ मे १९१६. न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. डॉक्टर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या वर्गात एक विद्यार्थी निबंध वाचतो. 'कास्ट्स इन इंडिया'. त्याचं नाव भीमराव रामजी आंबेडकर. वय पंचवीस. इथाका आणि कोलंबिया एकाच राज्यात, मध्ये सात वर्षं, आणि दोन्ही लेखकांचं वय तेच. मला या योगायोगाचं फार वाटतं, कारण मराठी मुलखातून गेलेल्या दोन तरुणांनी, एकानं उतरंडीच्या वरच्या पायरीवरून आणि एकानं पायरीच नाकारलेल्या जागेवरून, एकाच प्रश्नाला हात घातला होता.

आंबेडकरांनी सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर यांच्या व्याख्या एकापाठोपाठ एक तपासल्या. केतकरांना त्यांनी मान दिला. जातीकडे ती एकटी असल्यासारखं न पाहता बाकीच्या जातींशी असलेल्या नात्यात पाहणारा अभ्यासक, म्हणून मान दिला. पण लगेच चूकही दाखवली. केतकरांनी दोन लक्षणं सांगितली, ती दोन नव्हेतच. गटाबाहेर लग्न बंद केलंत की जन्मानंच सभासदत्व मिळणार, दुसरं काय होणार? एकाच नाण्याच्या दोन बाजू. मूळ गोष्ट एकच, लग्नाची बंदी. आणि मग आंबेडकरांनी तो प्रश्न विचारला जो केतकरांनी विचारायला हवा होता : ही बंदी टिकते कशी?

हा भाग प्रत्येक घरात वाचला जावा असं मला मनापासून वाटतं. बंद गटात बाया आणि पुरुषांची संख्या बरोबर राहिली पाहिजे. नवरा मेला तर बाई शिल्लक उरते. ती गटाबाहेर लग्न करेल हा धोका. मग तिला चितेवर चढवा, नाहीतर डोकं भादरून कोपऱ्यात बसवा. बायको मेली तर पुरुष शिल्लक उरतो. त्याला तर मारता येत नाही, मग त्याला अजून लग्नाच्या वयात न आलेल्या मुलींतून एक द्या. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह. ज्यांना आपण निरनिराळ्या वाईट चाली समजत होतो, त्या एकाच कुंपणाच्या काठ्या निघाल्या. केतकरांना धुरा दिसला होता. त्या धुऱ्यावर कुणाला गाडलं आहे, ते आंबेडकरांना दिसलं. देशमुखी गढीतला बंद झालेला पाट आठवा.

केतकरांबद्दल अन्याय होऊ नये म्हणून आता त्यांच्या घरात जातो. ज्यानं लिहिलं की जात म्हणजे बाहेर लग्नाला बंदी, त्यानं स्वतः काय केलं? शिक्षण आटोपून ते लंडनला थांबले होते, तिथं त्यांची एडिथ कोहन या जर्मन ज्यू तरुणीशी ओळख झाली. केतकर १९१२ साली परतले. ती बाई पुढं हिंदुस्थानात आली आणि १९२० साली त्यांचं लग्न झालं. केतकरांनी तिला व्रात्यस्तोम हा जुना वैदिक विधी करून हिंदू समाजात घेतलं. नाव ठेवलं शीलवती. बाहेरच्यांना आत घेण्याचा मार्ग धर्माच्या जुन्या दप्तरातच आहे, तो आपण बुजवला आहे, असं त्यांना दाखवायचं होतं. हे त्यांच्या अभ्यासाशी एकदम सुसंगत होतं. धुऱ्यावरचं जुनं फाटक शोधून काढायचं आणि सगळ्यांसमोर उघडायचं. मला मात्र असंही वाटतं की फाटक उघडायला विधी लागला, यातच धुरा मान्य केल्यासारखं झालं. केतकरांना आत येण्याची वाट हवी होती. आंबेडकरांना धुराच नको होता.

शीलवतीबाईंबद्दल थोडं बोललंच पाहिजे, कारण त्यांना नेहमी 'विदुषी पत्नी' म्हणून एका ओळीत आवरतात. प्रागचे पंडित मॉरिस विंटरनिट्स यांचा भारतीय वाङ्मयाचा इतिहास जर्मनमधून इंग्रजीत आणला तो यांनी. पहिला खंड कलकत्ता विद्यापीठानं १९२७ साली छापला, मुखपृष्ठावर 'मिसेस एस. केतकर'. पिढ्यान्‌पिढ्या संस्कृतचे विद्यार्थी ते पुस्तक वापरत आले. आणि त्यांनी मराठीत आठवणी लिहिल्या, 'मीच हे सांगितलं पाहिजे'. नावातला तो 'मीच' मला फार मोलाचा वाटतो. सोयरिकीनं आत आलेली बाई स्वतः बोलते, हे आपल्याकडे क्वचित घडलं आहे.

आणि मग 'ब्राह्मणकन्या'. ही कादंबरी १९३० सालची. अप्पासाहेब डग्गे हे सुधारक ब्राह्मण, पण त्यांच्या बायकोची आई ठेवलेली बाई होती. त्यांची मुलगी कालिंदी, शिकलेली, देखणी, तिला ब्राह्मणांत स्थळ नाही, कारण आजीचं कूळ. ती शिवशरणाप्पा या लिंगायत व्यापाऱ्याकडे लग्नाशिवाय राहायला जाते, तिला मूल होतं. पुढं कथा कुठं जाते ते सांगत नाही, वाचा. केतकरांच्या कादंबऱ्या कादंबरी म्हणून ओबडधोबड आहेत. पात्रं बोलता बोलता निबंध वाचू लागतात, प्रसंग मध्येच सुटून जातो. तरी दुर्गाबाई भागवतांसारख्या मर्मज्ञ बाईंना त्यांच्यावर 'केतकरी कादंबरी' नावाचं अख्खं पुस्तक लिहावंसं वाटलं, ते उगीच नाही. प्रबंधात ज्याला त्यांनी 'कठोर सामाजिक बंदी' म्हटलं होतं, ती कादंबरीत एका विशीतल्या मुलीच्या अंगावर येते. बाप सुधारक असूनही येते. प्रबंधात बाई आकड्यात होती. इथं ती घराबाहेर पडते आणि चालू लागते. सात वर्षांनी लहान असलेल्या आंबेडकरांनी दाखवलेली उणीव केतकरांनी कादंबरीत, आपल्या पद्धतीनं, भरून काढायचा प्रयत्न केला असं मी मानतो. हे माझं वाचन आहे.

ज्ञानकोशाबद्दल सगळ्यांना माहीत आहे, म्हणून फार बोलत नाही. १९१६ साली नागपूरला ज्ञानकोश मंडळ स्थापन झालं, पुढं काम पुण्याला गेलं, आणि एकूण २३ खंड निघाले. पहिले पाच प्रस्तावनाखंड. त्यांतल्या पहिल्याचं नाव 'हिंदुस्थान आणि जग'. भांडवल नाही, सरकारी मदतीचा भरवसा नाही, वर्गणीदार मिळवायला गावोगाव हिंडायचं, छापखाना सांभाळायचा, लेखकांना पगार द्यायचा, आणि वर स्वतः लिहायचं. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे तिथंच तयार झाले आणि पुढं त्यांनी महाराष्ट्र शब्दकोश केला. या सगळ्या धडपडीचा हिशेब केतकरांनी 'माझे बारा वर्षांचे काम' या पुस्तकात मांडला आहे. धंदा कसा करू नये आणि तरी काम कसं तडीस न्यावं, दोन्ही त्यातून कळतं. १९३१ साली हैदराबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. पैसा काही मिळाला नाही. १० एप्रिल १९३७ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ते पुण्यात गेले.

मी अकोला जिल्ह्यातल्या ज्या गावात वाढलो, तिथल्या वाचनालयाच्या काचेच्या कपाटात ते खंड होते. सगळे नव्हते, मधले तीन-चार गायब. पुठ्ठ्याची पाठ उंदरानं कुरतडलेली, पहिल्या पानावर वाचनालयाचा जांभळा शिक्का. एका मास्तरांनी मला तो पहिला खंड घरी न्यायची परवानगी दिली होती, एका अटीवर : पान उलटताना बोटाला थुंकी लावायची नाही. मराठीत जगाबद्दल इतकं सगळं असू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं. आज मागं पाहताना वाटतं, समाजशास्त्रज्ञानं कोश करायला घेतला यात नवल नाही. इंग्रजी येणाऱ्यांचा एक वेगळा गट होत चालला होता, आपल्यातच बोलणारा, आपल्यातच वाचणारा. जात ओळखण्याची नजर असलेल्या माणसाला हा नवा धुरा दिसला नसेल तरच नवल. त्यानं आपल्या हातानं त्यावर वाट पाडली.

केतकरांच्या त्याच काळात वऱ्हाडात काय घडत होतं, ते सांगून शेवटाकडे येतो. १९२७ साली अमरावतीत अस्पृश्यांची परिषद भरली, अध्यक्ष डॉक्टर आंबेडकर. प्रश्न होता अंबादेवीच्या देवळाचा. याच गावात, जिथं केतकर शाळा शिकले, ज्या देवळाच्या रस्त्यानं तुम्ही आज इथं आलात, त्या देवळाच्या पायऱ्यांवर जायला बंदी असलेले लोक हक्क मागत होते. केतकरांची व्याख्या इथं पुरी पडत नाही. सोयरीक थांबते तिथं जात सुरू होते, हे खरं. पण सोयरीक थांबल्यानंतर पाणी कुठं थांबतं, सावली कुठं थांबते, देवळाची पायरी कुठं थांबते, हे त्या व्याख्येत नाही. ते ज्यांच्या अंगावर होतं, त्यांनीच लिहिलं. त्याच १९२७ साली पापळच्या पंजाबराव देशमुखांनी, कुणब्याच्या त्या पोरानं, मुंबईच्या विमल वैद्य यांच्याशी जातीबाहेर लग्न केलं. तेही इंग्लंडात वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर संशोधन करून आले होते. पुढं जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. अभ्यास आणि कृती यांत त्यांनी अंतर ठेवलं नाही, म्हणून केतकरांच्या शेजारी त्यांचं नाव घ्यावंसं वाटतं.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी अकोल्याच्या वर्गाला एक काम दिलं होतं. प्रत्येकानं आपल्या घरातल्या चार पिढ्यांच्या सोयरिकी वहीत काढायच्या. एका लग्नाला एक चौकट. चौकटीत नवऱ्याचं नाव, नवरीचं माहेरचं नाव, तिचं गाव, तिचं कूळ, पोटजात. केतकर आणि आंबेडकर शिकवून झाले होते, आता आपलं घर तपासा, एवढंच सांगितलं.

बाळापूर तालुक्यातली एक मुलगी वही घेऊन आली. शाईनं सुबक चौकटी आखलेल्या. आईची भरलेली, आजीची भरलेली. पणजीच्या चौकटीत गाव लिहिलं होतं, कूळ लिहिलं होतं, पोटजात लिहिली होती. नावाची जागा कोरी. मी विचारलं, हे का राहिलं? ती म्हणाली, "आजीले विचारलं सर. आजी म्हने, सगळे तिले पाटलीनबाईच म्हनत. माहेरचं नाव कोनीच घेत नव्हतं, मले ठाऊकच नाही. बाकी सगळं तिनं पटापट सांगतलं." आणि मग विचारलं, "मोठी आजी हाये एक, पारसले राहते. सुटीत जाऊन तिले विचारून आनू का?"

मी म्हटलं, आण. वही अजून माझ्याकडे आहे. तिनं त्या जागी पेन्सिलीनं बारीक टिंबं काढून ठेवली आहेत, नाव किती लांब असेल याचा अंदाज घेत.